वस्तीत एकही आजारी नाही

तिच्या हातचा अर्ज परत येत नाही, अशी तिची ख्याती होती. पालिकेच्या कचेरीबाहेर, जिन्याखालच्या कोपऱ्यात, घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या टाकून ती वीस वर्षं बसत होती. एक खुर्ची तिची, एक अडलेल्याची. लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे अर्जवाली, आणि तिला दोन्ही चालत असे. अक्षर सुबक, तोंड तिखट. समोरच्याने पाल्हाळ लावलं की ती पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, "कर्मकहाणी घरी सांगा. मला नाव, पत्ता आणि काय हवंय तेवढं सांगा."

तिचा एक नियम होता, आणि तो तिने कुठल्या पुस्तकात वाचलेला नव्हता. अर्जावर आजार लिहायचा नाही. दमा, साखर, फिट, छातीचं दुखणं, काही म्हणजे काही नाही. तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एकदा खोली भाड्याने घेताना खरं लिहिलं होतं, 'छातीचा त्रास', आणि मालकाने अर्ज तिथल्या तिथे परत सरकवला होता. पुढे पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी गेले, तिथेही खरं लिहिलं, तिथूनही हात हलवत परत आले. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. तब्येतीचा रकाना आला की ती विचारायच्या भानगडीतच पडायची नाही, सरळ 'नाही' लिहून पुढे जायची. समोरच्यालाही ते पटलेलं असायचं. वीस वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती.

आता कोणी म्हणेल, बाई खोटारडी होती. तर तसं नाही. तुम्ही त्या खुर्चीत बसून पाहा. खोली हवी असलेल्या बाईच्या अर्जावर तिचा दमा लिहा, आणि मग तिला फुटपाथवर बघा.

अण्णांनी तीस वर्षं कोळशाच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढली होती. शहराची हवा सुधारायची म्हणून ते केंद्र बंद झालं, भाषणं झाली, अण्णांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. हवा खरोखरच सुधारली, नाही म्हणायला जागा नाही. अण्णांची छाती तेवढी सुधारली नाही. गेली दोन वर्षं त्यांच्या नाकात नळी होती, आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घुर्र करत बसलेलं असायचं. ते विजेवर चालायचं. बंद पडलं तर पंधरा मिनिटांत अण्णांचे ओठ निळे पडायला लागत. अडीअडचणीला दोन नळकांडी भरून ठेवलेली होती, एकेक पाच तास पुरणारं. रिकामं झालेलं नळकांडं भरून यायला आठवडा लागायचा.

आठ महिन्यांपूर्वी वस्तीत नवी वीज आली होती. म्हणजे वीज आधीही होतीच, पण आता गच्च्यांवर सूर्यावर चालणाऱ्या तावदानांच्या रांगा लागल्या, प्रत्येक दारात नवं मीटर बसलं, आणि हे सगळं फुकट. बदल्यात फक्त चार पानी अर्ज भरायचा. वस्तीत तीनशे अकरा घरं. अर्जवालीने ते सगळे अर्ज चार दिवसांत भरून दिले, बोटं सुजेपर्यंत. सतराव्या रकान्यात विचारलं होतं, 'घरात विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण कोणी वापरतं का?' तिने तीनशे अकरा वेळा 'नाही' लिहिलं. स्वतःच्या अर्जावरही लिहिलं. यंत्र जास्त वीज खातं म्हणून मीटर नाकारलं तर काय घ्या, असा तिचा साधा हिशोब. शेवटच्या पानावर तळाशी छापलेलं होतं, 'वरील माहिती विचारून भरली आहे', आणि त्याखाली तिची झोकदार सही. मीटर सगळ्यांना मिळालं. एकही अर्ज परत आला नाही.

आणि मग उन्हाळा आला, आणि एका सोमवारी दुपारी अडीच वाजता वीज गेली.

ती तेव्हा घरीच होती. यंत्राची घुर्र थांबली आणि ते बारीक आवाजात पिपाणीसारखं ओरडायला लागलं. तिने नळकांडं जोडलं, अण्णांच्या पाठीला उशी लावली, खिडकी उघडली. बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली, म्हणून पुन्हा लावली. साडेपाचला वीज आली. बिघाड असेल, असं सगळे म्हणाले. मंगळवारी बरोबर अडीचला पुन्हा गेली आणि बरोबर साडेपाचला आली. बिघाडाला घड्याळ कळत नाही. अण्णांचं दुसरं नळकांडंही अर्ध्यावर आलं होतं, कारण यंत्र बंद पडलं की अण्णा घाबरत, आणि घाबरले की जास्त ओढत.

"उद्या कचेरीत जाऊन येते," ती म्हणाली.

"भांडू नकोस," अण्णा म्हणाले. त्यांना एका वेळी दोन-तीन शब्दच जमायचे, आणि तेही ते तिला उपदेश करण्यात घालवायचे.

बुधवारी सकाळी ती वीज कंपनीच्या कचेरीत गेली. आत इतकं गार होतं की तिला पदर अंगाभोवती घ्यावा लागला. चौथ्या मजल्यावर एक तरुण इंजिनीयर बाई बसली होती, तिशीसुद्धा गाठली नसेल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिच्यामागे भिंतभर पडदा, त्यावर सगळं शहर रंगीत चौकटींत मांडलेलं. अर्जवाली भांडायची पुरती तयारी करून आली होती. पण त्या मुलीने आधी पाण्याचा पेला पुढे केला, त्यामुळे निम्मं भांडण तिथेच विरघळलं.

"तुमच्याकडे बिघाड नाही, ताई," इंजिनीयर म्हणाली. "ठरल्याप्रमाणेच चाललंय."

"काय ठरल्याप्रमाणे?"

"दुपारी सगळं शहर खोल्या गार करायची यंत्रं लावतं. भार इतका वाढतो की सगळ्या शहराचीच वीज जाईल. पूर्वी अशा वेळी कोळसा जास्त जाळायचे. आता ते केंद्र नाही. मग कुठून तरी भार कमी करावा लागतो. जिथे कोणाच्या जिवाला धोका नाही, तिथला आधी."

"माझ्या वडिलांना ऑक्सिजन लागतो. विजेवरचा."

इंजिनीयरने काहीतरी टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मग तिने समोरचा छोटा पडदा फिरवून तिच्यापुढे धरला. त्यावर अर्ज होता, सतरावा रकाना, आणि त्यात सुबक अक्षरात 'नाही'.

"हे तुमचंच अक्षर ना?"

अर्जवालीने आपलंच अक्षर आजवर कधी असं मोठं करून पाहिलं नव्हतं.

"मला तुमची वस्ती चांगली लक्षात आहे," इंजिनीयर सांगत राहिली, आणि तिच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता, तेच जास्त लागलं. "यादी केली तेव्हा आम्ही सगळेच चकित झालो होतो. तीनशे अकरा घरं आणि एकही आजारी नाही. म्हटलं सगळी तरुण, कष्टकरी माणसं असतील. म्हणून तर तुमचं नाव पहिलं लागलं."

"पहिलं कशात?"

"वीज तोडायच्या यादीत."

वस्ती निवडली गेली होती. चुकून नाही, गरीब म्हणूनसुद्धा नाही. धडधाकट म्हणून. आणि धडधाकट तिने केली होती, चार दिवसांत, एका निळ्या पेनाने.

"आणि ती टेकडी?" तिने विचारलं. पडद्यावर शहराच्या वरच्या अंगाला टेकडीचा भाग निळ्या रंगात होता. तिथे बागा होत्या, एकेका कुटुंबाचं एकेक मोठं घर होतं, आणि अर्ज भरून घ्यायला तिच्याकडे तिथून कधी कोणी आलं नव्हतं.

"टेकडीवर चारशे घरं आहेत. त्यातल्या एकशे ऐंशी घरांनी उपकरणं लिहिलीत. एका वाहिनीवर, म्हणजे विजेच्या एका तारेवर, दहापेक्षा जास्त आजारी घरं असली की ती वाहिनी तोडायची नाही, असा नियम आहे. त्यामुळे टेकडी पूर्ण वगळली आहे."

"एकशे ऐंशी घरांत ऑक्सिजन?"

इंजिनीयर जराशी अवघडली. "ऑक्सिजन नाही सगळीकडे. हवा शुद्ध करायची यंत्रं आहेत, ॲलर्जीसाठी. औषधांसाठी वेगळे फ्रिज. मालिशच्या खुर्च्या, कंबरेसाठी. एकांनी तलावाचा पंप लिहिलाय, डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय म्हणून. सगळ्यांनी डॉक्टरांची पत्रं जोडलीत, ताई. मी काय करणार."

पोहायच्या तलावाचा पंप. अर्जवालीने वीस वर्षांत हजारो अर्ज पाहिले होते, लोकांची लबाडी आणि लोकांची लाचारी दोन्ही कोळून प्यायली होती, पण हे तिच्या डोक्यात शिरेना. खाली माणसं आजार लपवून जगत होती आणि वर माणसं आजार मिरवत होती, आणि दोघांचा अर्ज मात्र तोच चार पानी होता.

इंजिनीयरने मग वाट सांगितली. डॉक्टरांचं पत्र आणलं तर एका वस्तीमागे एकाच घराची दुरुस्ती आजच्या आज होईल, त्या दारापुरती वीज चालू ठेवता येते. बाकीच्या घरांनी आपापली पत्रं घेऊन यायचं, त्यांची तपासणी उन्हाळ्यानंतर लागेल.

"आणि सगळ्यांचं आत्ताच करायचं झालं तर?"

"त्याला एकच रस्ता आहे. माहितीवर वाद असला तर चौकशी होईपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे ज्याने अर्ज भरले त्याने लिहून द्यायचं, की मी न विचारता भरले." तिने खांदे उडवले. "असं कोणी लिहून देत नाही. त्याचा अर्ज भरायचा परवाना जातो. गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो."

अर्जवालीने मान खाली घातली. डॉक्टरांचं पत्र तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, दोन वर्षं लपवलेलं होतं. ती घरी गेली, ते घेऊन आली आणि एका घराची दुरुस्ती करून घेतली. परत येताना जिन्यात रंगारी भेटला, वरच्या मजल्यावरचा, आणि त्याने विचारलं, "ताई, काय म्हणाले हो?" ती म्हणाली, "बघतायत." एवढंच म्हणाली. शरमेने तिचे कान तापले होते, पण अण्णांचं काम झालं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटत होतं.

अडीच वाजले. सगळ्या इमारतीतली वीज गेली. तिच्या खोलीत पंखा फिरत राहिला, यंत्र घुरघुरत राहिलं. अण्णांनी डोळे उघडून पंख्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं.

अशा इमारतीत एका घरातला चालू पंखा लपत नाही. पाच मिनिटांत दारावर थाप पडली. समोरच्या खोलीतली शिंपीणकाकू होती. तिच्या हातात वाफेचं छोटं यंत्र होतं, आणि पाठीमागे तिचा नवरा, भिंतीला टेकून, मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं तोंड करत.

"तुझ्याकडे आहे ना गं वीज? पाच मिनिटं लावू दे. यांना सकाळपासून जमत नाहीये."

"काकांना दमा आहे?" अर्जवालीने विचारलं.

"नऊ वर्षं," काकू म्हणाली आणि आत आली.

नऊ वर्षं. समोरच्या दाराआड. रोज सकाळी काकूशी पाण्यावरून दोन शब्द व्हायचे, काकूने शिवलेले कपडे अर्जवाली अंगावर घालायची, आणि नऊ वर्षं तिला पत्ता नव्हता. तिच्या मागोमाग तळमजल्यावरची, बेकरीत काम करणारी बाई आली, ओल्या फडक्यात इन्सुलिनच्या बाटल्या गुंडाळून. तिला फ्रिजमध्ये जागा हवी होती. मग दुसऱ्या मजल्यावरची सुईण आली, तिच्या सासूची हवेची गादी घेऊन. म्हातारीला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. ती लेकीकडे गेली आहे, असं सुईण सगळ्यांना सांगत असे. ती लेकीकडे नव्हती, वरच्या खोलीत होती, आणि गादीतली हवा उतरली की तिच्या पाठीला जखमा होत होत्या.

सगळ्यात शेवटी रंगारी आला. त्याच्या दोन्ही हातांत एक यंत्र होतं, अण्णांच्या यंत्रासारखंच, त्याच कंपनीचं, तसंच करड्या रंगाचं. त्याचे ओठ निळे पडले होते. अर्जवालीने ते यंत्र त्याच्या हातातून घेतलं.

"रंगाच्या वाफांनी," तो म्हणाला. "कोणाला सांगू नका, ताई. काम मिळायचं बंद होईल."

खाटेवरून अण्णांचा आवाज आला. "मला वाटायचं, तुझा फ्रिज बिघडलाय."

"मलाही वाटायचं तुमचा," रंगारी म्हणाला, आणि दोघेही हसले. हसणं दोघांनाही परवडणारं नव्हतं, दोघेही खोकत बसले. दोन वर्षं एकाच छताच्या वर आणि खाली तीच घुर्र चालली होती, आणि दोघांनी ती एकमेकांच्या फ्रिजच्या नावावर टाकली होती.

अण्णांनी स्वतः सांगितलं, पंखा बंद कर, दिवा बंद कर, याचं यंत्र लाव. तिने सगळं लावलं. दोन यंत्रं, वाफेचं एक, गादीचा पंप, फ्रिज. मिनिटभर सगळं चाललं आणि मग खट्कन बंद पडलं. नव्या मीटरला एका घरापुरताच भार झेपत होता. तिने गादी काढली, मीटरचं बटण वर केलं. पुन्हा पडलं. वाफेचं काढलं, पुन्हा वर केलं. तिसऱ्यांदा पडलं ते उठलंच नाही, आणि तिच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. 'आपल्या घरातील वापर नोंदवलेल्या उपकरणापेक्षा जास्त आढळला आहे. आपली सवलत तपासणीपर्यंत स्थगित करण्यात येत आहे.'

तिने निरोप दोनदा वाचला. सकाळी मिळालेलं दुपारी गेलं होतं. उरलेलं अर्धं नळकांडं तिने खाटेवर दोघांच्या मधे ठेवलं, आणि अण्णा आणि रंगारी आळीपाळीने त्याची नळी घेत बसले, विडी वाटून ओढणाऱ्या दोघांसारखे. साडेपाचला वीज आली तेव्हा काटा शून्यावर होता. उद्या अडीच वाजता द्यायला घरात काही नव्हतं.

खोलीत घामाचा, औषधांचा वास कोंडला होता. कोणी लगेच उठून गेलं नाही. सुईणीनेच विषय काढला. "आपल्या डोक्यावर गच्चीभर ती तावदानं तापतायत आणि आपणच अंधारात. हे कसं काय, ताई?"

मग तिने सांगितलं. तावदानांची वीज आधी मोठ्या वाहिनीत जाते आणि तिथून ठरतं कोणाला द्यायची. आपली वस्ती यादीत पहिली आहे. पहिली आहे कारण वस्तीत एकही आजारी नाही. आणि आजारी नाही, कारण तिने तसं लिहिलं. "मी कोणालाच विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "विचारून भरलं म्हणून सही केली, आणि विचारलं नव्हतं." लोकांनी शिव्या द्याव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं.

शिंपीणकाकू नवऱ्याची पाठ चोळत होती. ती थांबली नाही. "विचारलं असतंस तरी काय झालं असतं? मी नाहीच म्हणाले असते."

"मीसुद्धा," बेकरीवाली म्हणाली.

रंगाऱ्याने मान हलवली. सुईण गादीची घडी घालत राहिली. अर्जवालीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणाला तिचा राग आला नव्हता. तिला वाटलं, राग आला असता तर बरं झालं असतं, निदान दोष कुणाच्या तरी माथी मारता आला असता.

गुरुवारी सकाळी ती कोरा कागद घेऊन बसली. आयुष्यात इतक्या लोकांचे अर्ज लिहिले, स्वतःच्या विरुद्ध हा पहिलाच. 'मी खाली सही करणारी असं लिहून देते, की तीनशे अकरा अर्जांतील सतरावा रकाना मी कोणालाही न विचारता भरला.' पुढे काय लिहावं ते तिला सुचेना, म्हणून तिने तिथेच सही केली. अण्णा खाटेवरून बघत होते.

"परवाना जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

"खाणार काय?"

"तुम्ही आधी दुपार काढा," ती म्हणाली, "मग खाण्याचं बघू."

कचेरीत आज गर्दी होती. तिचा नंबर लागेपर्यंत दीड वाजला. खालच्या खिडकीवरच्या माणसाने कागद घ्यायला नकार दिला, उद्या या म्हणाला. तेव्हा मात्र तिने ते तिखट तोंड उघडलं, आणि त्याने मुकाट्याने तिला वर सोडलं. चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजिनीयरने कागद वाचला, पुन्हा वाचला.

"तुम्हाला कळतंय ना हे काय आहे?"

"माझं कामच आहे ते," अर्जवाली म्हणाली. "लवकर करा. माझ्या घरी नळकांडं नाही."

मुलीने लवकर केलं, हे कबूल केलं पाहिजे. दोन फोन लावले, कोणाशी तरी हुज्जत घातली, वरच्या साहेबाला नियम वाचून दाखवला. कागदावर शिक्का मारला. अर्जवालीचा परवाना मागून घेतला आणि खणात टाकला. मग मोठ्या पडद्याकडे वळून काही कळा दाबल्या, आणि वस्तीची तीनशे अकरा घरांची चौकट हिरवीची निळी झाली. घड्याळात दोन पंचवीस झाले होते.

"झालं," इंजिनीयर म्हणाली. "चौकशी होईपर्यंत तुमच्याकडे तोडणार नाहीत."

अर्जवालीने डोळे मिटून श्वास सोडला. इतका मोठा श्वास तिने चार दिवसांत घेतला नव्हता. मग काय वाटलं कोण जाणे, तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मग आज कोणाकडे?"

"यादीत पुढचं जे असेल ते. यंत्रच ठरवतं." इंजिनीयरने बोट दाखवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गोदामांच्या पलीकडे, एक मोठी चौकट लुकलुकत होती. "चारशे नऊ घरं."

"तिथे आजारी किती?"

"शून्य."

अर्जवाली उठून उभी राहिली. "ते अर्ज मी नाही भरले."

"नाही. तुमची सही नाही त्यांच्यावर."

"मी तिथे कधी गेलेसुद्धा नाही. कोणी भरले?"

"वेगवेगळ्या लोकांनी. बऱ्याच जणांनी स्वतःच भरलेत."

"हे खोटं आहे," अर्जवाली म्हणाली. "चारशे नऊ घरांत एकही आजारी नाही, असं असतं का कुठे? तिथे सगळे गोदामात ओझी उचलणारे राहतात. पन्नाशीत त्यांचे गुडघे जातात, छाती जाते."

"कशावरून म्हणता, ताई? तुम्ही तर तिथे कधी गेला नाहीत."

तिने पडद्यावर नजर फिरवली. गोदामांनंतरची वस्ती, तिच्याखाली बारीक अक्षरात शून्य. नदीकाठची, शून्य. कातडं कमावणाऱ्यांची, शून्य. सगळ्या खालच्या शहरात, जिकडे बघावं तिकडे, माणसं ठणठणीत होती. तिला वाटलं होतं ही आपली युक्ती आहे, आपल्या अकलेची. आणि इथे तर लाखभर लोकांनी, एकमेकांना न विचारता, तेच लिहिलं होतं.

"टेकडीचा भार कमी करा," ती म्हणाली. "आजचा दिवस. नुसते तीन तास."

"टेकडीवर आजारी माणसं आहेत ना, ताई," इंजिनीयर हळूच म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि तिची बोटं कळांवर तशीच पडलेली होती. "त्यांनी लिहून दिलंय."

तेवढ्यात अर्जवालीचा फोन वाजला. शिंपीणकाकू होती, आवाजात नुसता आनंद. अडीच वाजून गेले, अगं, आणि पंखा चालूच आहे. अण्णांचा डोळा लागलाय, यंत्र घुरघुरतंय. रंगारी त्याच्या खोलीत आहे, त्याचंही चालू आहे. सुईणीने सासूला पहिल्यांदा खिडकीपाशी बसवलंय. तू कसं जमवलंस गं, काय सांगितलंस त्यांना?

पडद्यावर चारशे नऊ घरांची चौकट राखाडी झाली होती. आवाज काहीच झाला नाही. अर्जवाली फोन कानाला लावून त्या राखाडी रंगाकडे बघत उभी होती, तिथे आत्ता कोणकोणत्या दाराआड पिपाणी वाजायला लागली असेल ते मोजू बघत होती, आणि काकू पलीकडून पुन्हापुन्हा विचारत होती, "हॅलो, ऐकू येतंय ना तुला?"